बनारसचं कलाभवन आणि दादांची वही

आमच्या घरात पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात तळाला गोधड्या, वर अम्मीची लग्नातली साडी आणि दोन्हींच्या मध्ये माझ्या दादांची, म्हणजे वडिलांच्या वडिलांची, एक वही. दादा शिंपीकाम करत. मोहरमच्या दिवसांत गावात ज्या मराठी रिवायती म्हटल्या जात, त्या त्यांनी या वहीत उतरवून ठेवल्या होत्या. भाषा मराठी, अक्षरं मात्र उर्दू, कारण दादा मदरशात जेवढं शिकले तेवढीच लिपी त्यांना येत होती. रिवायती म्हणणाऱ्यांत निम्मे लोक मराठा आणि धनगर असत. त्यांना ती वही वाचता येत नसे, पण तिच्यात काय आहे ते सगळ्यांना पाठ होतं.

एका पावसाळ्यानंतर मी ती पेटी उघडली. मधली चौदा वर्षं कुणी उघडली नव्हती. वहीचा पुठ्ठा शाबूत दिसला. हातात घेतला तर हलका लागला. आतली पानं वाळवीनं खाल्ली होती. कडेची मातीची नक्षी तेवढी राहिली होती आणि मधली अकरा पानं. दोष कुणाला देणार? वही पेटीत आहे हे मला ठाऊक होतं. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा, सभांमधून लोकपरंपरेवर बोलणारा माणूस. वही जपून ठेवली आहे असं मी समजत होतो. प्रत्यक्षात मी ती नुसती ठेवली होती.

‘ठेवणं’ आणि ‘सांभाळणं’ या दोन क्रियापदांतलं अंतर मला त्या दिवशी कळलं. आज ज्या संग्रहाची गोष्ट सांगणार आहे, तिच्यात हेच अंतर आहे. हा संग्रह आहे बनारस हिंदू विद्यापीठातलं भारत कला भवन.

गोष्ट सुरू होते एका तरुण माणसापासून. राय कृष्णदास हे बनारसच्या एका सधन, जुन्या घराण्यातले. जन्म १८९२चा. आधुनिक हिंदीचे जनक म्हणून ज्यांना ओळखतात त्या भारतेंदु हरिश्चंद्रांशी या घराण्याचं नातं. जयशंकर प्रसाद आणि मैथिलीशरण गुप्त हे कवी त्यांचे जिवलग मित्र. कृष्णदास स्वतःही लेखक होते, हिंदीत त्यांनी गद्यकाव्यं लिहिली. पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. जुनी चित्रं, मूर्ती, नाणी, वस्त्रं, हस्तलिखितं दिसली की हा माणूस अस्वस्थ होई.

तो काळ आपण डोळ्यांपुढे आणला पाहिजे. विसाव्या शतकाची पहिली दोन दशकं. जुन्या हवेल्या मोडत होत्या, नवाबी आणि जहागिरी ओसरत होत्या. वारसांना रोख पैसे हवे होते. चित्रांची पोथी अखंड विकण्यापेक्षा तिची पानं सुटी करून एकेक चित्र विकलं तर जास्त पैसे मिळतात, हे व्यापाऱ्यांना कळलं होतं. विकत घेणारे बहुतेक परदेशी. आपल्याकडच्या शिकलेल्या माणसांना ही चित्रं म्हणजे बारीक कलाकुसर वाटे, तिला ‘कला’ म्हणायला ते तयार नव्हते. अशा वेळी बनारसच्या गल्ल्यांतून हिंडून कृष्णदास ही सुटी पानं गोळा करत होते.

नुसती नजर असून भागत नाही, शिकवणारा लागतो. त्यांना तो मिळाला उस्ताद रामप्रसाद यांच्या रूपानं. मोगल शैलीत काम करणाऱ्या बनारसी चित्रकारांच्या परंपरेतले हे उस्ताद. कागद कसा घोटायचा, रंग कसा वाटायचा, रेघ कोणत्या कुंचल्यानं ओढायची हे सगळं त्यांच्या हाताला ठाऊक होतं. पुस्तकात न मिळणारं हे ज्ञान कृष्णदासांनी त्यांच्याकडून घेतलं. पुढे ‘भारत की चित्रकला’ हे पुस्तक त्यांनी लिहिलं, त्यामागे ही शिकवणी आहे. श्रीमंत रईस आणि कारागीर उस्ताद यांच्या मैत्रीतून हा संग्रह उभा राहिला, हे विसरता कामा नये.

१ जानेवारी १९२० रोजी बनारसमध्ये ‘भारतीय कला परिषद’ स्थापन झाली. अध्यक्षपद रवींद्रनाथ टागोरांनी स्वीकारलं. जागा भाड्याची. सुरुवातीला तिथं संगीत आणि चित्रकला शिकवायचाही बेत होता, पण टिकून राहिला तो संग्रह. पुढे जागा बदलत गेल्या. १९२९मध्ये काशी नागरी प्रचारिणी सभेनं आपल्या वास्तूत संग्रहाला आसरा दिला आणि ‘भारत कला भवन’ हे नाव रूढ झालं. काही वर्षांत तीही जागा अपुरी पडू लागली. १९५०मध्ये संग्रह बनारस हिंदू विद्यापीठाकडे आला. नव्या इमारतीची पायाभरणी त्याच वर्षी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाली आणि १९६२मध्ये संग्रह आजच्या वास्तूत गेला.

म्हणजे तीस वर्षं हा संग्रह भाडेकरूसारखा हिंडत होता. घर बदलताना आपली चार भांडी फुटतात. इथं तर कागदाची नाजूक चित्रं, मातीच्या मूर्ती आणि जुनी रेशमी वस्त्रं होती. तरी तो टिकला, कारण प्रत्येक मुक्कामावर वस्तू मोजून घेणारं कुणीतरी होतं.

विद्यापीठाला संग्रह देण्याची रीत जगात जुनी आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाचं ॲशमोलियन संग्रहालय १६८३ साली उघडलं. तो मूळचा ट्रॅडेस्कंट नावाच्या बापलेकांचा संग्रह. दोघे व्यवसायानं माळी. देशोदेशीची झाडं आणताना त्यांनी नाना वस्तू जमवल्या. त्या इलायस ॲशमोल यांच्याकडे आल्या आणि त्यांनी विद्यापीठाला दिल्या. त्या वस्तूंमध्ये डोडो पक्ष्याचा पेंढा भरलेला देहही होता. डोडो तर पृथ्वीवरून कायमचा नाहीसा झाला. निदान हा एक देह जपायला हवा होता. पण त्या काळी असे देह टिकवण्याची विद्या कच्ची होती. तो कुजत गेला. आज ऑक्सफर्डमध्ये त्याचं डोकं आणि एक पाय उरला आहे. संग्रहालयात पोचलं म्हणजे वाचलं, असं नसतं. मोठ्या विद्यापीठाच्या नावानं कसर आणि बुरशी घाबरत नाही.

पुन्हा बनारसला येऊ. आज भारत कला भवनात एक लाखाहून अधिक वस्तू आहेत. त्यांत बनारसच्याच बकरिया कुंड भागातली, गोवर्धन पेलणाऱ्या कृष्णाची गुप्तकाळातली भव्य मूर्ती आहे. मोरावर बसलेला गुप्तकालीन कार्तिकेय आहे. मोगल, राजस्थानी आणि पहाडी चित्रं आहेत. बनारसी किनखाब, नाणी, मातीच्या मूर्ती आहेत. एका माणसाच्या वेडापासून सुरू झालेला संग्रह एवढा वाढतो कसा?

संग्रह वाढण्याचे मार्ग मोजकेच असतात. पहिला देणगीचा. दुसरा खरेदीचा. तिसरा उत्खननातून किंवा दुसऱ्या संस्थेकडून आलेल्या वस्तूंचा. विद्यापीठांकडे पैसा नेहमीच बेताचा, म्हणून देणगीवर त्यांचा भर जास्त. आणि देणगी पैशाच्या जोरावर मिळत नाही, विश्वासावर मिळते. एखादी वस्तू आपल्या घरापेक्षा इथं बरी राहील असं देणाऱ्याला वाटलं पाहिजे.

बनारसला तसं वाटलेल्या माणसांत ॲलिस बोनर होत्या. या स्वित्झर्लंडच्या शिल्पकार. नर्तक उदय शंकर यांच्याबरोबर त्या भारतात आल्या, त्यांची नृत्यमंडळी उभी करण्यात त्यांचा वाटा होता. १९३६मध्ये बनारसला अस्सी घाटावरच्या घरात त्या राहायला गेल्या आणि १९७८पर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं, तिथं राहिल्या. रोज गंगा पाहिली, हिंदू शिल्पांच्या रचनेचा अभ्यास केला, चित्रं काढली. १९८१मध्ये त्या वारल्या. त्यांच्या संग्रहाचा एक भाग झुरिकच्या रिटबर्ग संग्रहालयात आहे, एक बनारसला भारत कला भवनात. त्यांच्या नावाचं दालन तिथं आहे. रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांची हिमालयाची चित्रंही या संग्रहात आहेत. विश्वास असा गल्लीतून सुरू होऊन दूरदेशी पोचतो.

वाढण्याचा आणखी एक भाग आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. तो म्हणजे नकार. आलेली प्रत्येक वस्तू घ्यायची नसते. ही कुठून आली, विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे का, कुठल्या देवळातून उचललेली तर नाही, हे विचारावं लागतं. १९७२चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७६मध्ये अंमलात आला. त्यानं पुरावस्तूंच्या खासगी निर्यातीला बंदी घातली आणि ठरावीक प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी सक्तीची केली. कृष्णदासांच्या तरुणपणी हा कायदा नव्हता. तेव्हा घाई करणं हेच शहाणपण होतं, कारण आज घेतलं नाही तर पान उद्या बोटीवर चढलेलं असे. आज चौकशी करणं हे शहाणपण आहे. प्रामाणिकपणा तोच, पण काळाप्रमाणे त्याचं काम बदलतं.

आता मला ज्या पानांसाठी ही सगळी गोष्ट सांगावीशी वाटली, त्या पानांकडे येतो.

मौलाना दाऊद नावाचे एक सूफी कवी होते, उत्तर प्रदेशातल्या डलमऊ गावचे. फिरोजशहा तुघलकाच्या काळात, १३७९मध्ये, त्यांनी ‘चांदायन’ हे काव्य लिहिलं. लोरिक आणि चांदा यांची प्रेमकथा. ही कथा दाऊदांनी रचलेली नव्हती. ती अहिरांची, गवळ्यांची लोकगाथा. उत्तर भारतात आणि छत्तीसगडात ती गात आले आहेत. दाऊदांनी ती उचलली आणि अवधीत, म्हणजे शेतात-बाजारात बोलल्या जाणाऱ्या भाषेत लिहिली. दरबाराची भाषा फारसी असताना एका मौलानानं गवळ्यांच्या कथेत परमेश्वराच्या ओढीचा अर्थ भरला. अवधीतल्या सूफी प्रेमाख्यानांचा प्रवाह इथून वाहू लागला. कुतुबनची ‘मृगावती’ १५०३ची. पुढे जायसी आले.

मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमान माणसाला या कवीविषयी काय वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही श्रीगोंद्याचे शेख महंमद झाले, त्यांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. लोकांच्या भाषेत लिहिणाऱ्या मुसलमानाला अधूनमधून कुणीतरी विचारतं, “तुम्ही मराठीत कसे?” अशा वेळी उत्तर देण्यापेक्षा दाऊदांची पानं दाखवावीत असं मला वाटतं. सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीचं ते उत्तर आहे.

पण पानं दाखवायची तर पानं असायला हवीत. ‘चांदायन’ अनेक वर्षं जवळजवळ नावापुरतं उरलं होतं. भारत कला भवनात या काव्याची मोजकी सचित्र पानं आहेत. भाषा अवधी, लिपी फारसी. म्हणजे थेट आमच्या दादांच्या वहीसारखा प्रकार! राय कृष्णदासांनी त्या पानांवर १९५५-५६च्या ‘ललित कला’मध्ये लेख लिहिला. मोगलांच्या आधी भारतात चित्रं कशी होती या अभ्यासात त्या पानांना मानाची जागा मिळाली. ‘मृगावती’चीही एक सचित्र प्रत तिथं आहे. ती कैथी लिपीत आहे आणि तिच्यात अडीचशेच्या आसपास चित्रं आहेत. कैथी ही कायस्थांची, हिशेब-कागदपत्रांची लिपी. आपल्याकडच्या मोडीची उत्तरेतली बहीणच म्हणा. मुसलमान कवीचं काव्य, हिशेबाच्या लिपीत, साध्या घरगुती चित्रांसह. कार्ल खंडालावाला यांनी या चित्रांवर लिहिताना त्यांच्याकडे त्या काळच्या समाजजीवनाचा दस्तऐवज म्हणूनही पाहिलं.

‘चांदायन’ची बाकीची पानं कुठं आहेत? ६८ पानं आपल्या मुंबईत आहेत, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. या संग्रहालयाचे संचालक डॉ. मोतीचंद्र हे मूळचे बनारसचेच, भारतेंदूंच्या घराण्यातले. काशीचा इतिहास लिहिणारा हा विद्वान मुंबईत बसून भारतीय चित्रकलेचा इतिहास उलगडत होता. त्यांनी आणि खंडालावालांनी मिळून १९६९मध्ये जे पुस्तक काढलं, त्यानं मोगलपूर्व चित्रकलेची समजूत बदलायला मदत केली. आणखी एक प्रत इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. आणि एका प्रतीची पानं फाळणीत वाटली गेली. लाहोरच्या संग्रहालयाच्या वस्तूंची वाटणी झाली तेव्हा काही पानं लाहोरला राहिली, काही भारतात आली. ती आता चंडीगडला आहेत. लोरिक सीमेच्या एका बाजूला आणि चांदा दुसऱ्या बाजूला, असं झालं नसेल कशावरून?

ही विखुरलेली पानं एकमेकांशेजारी ठेवून काव्य पुन्हा उभं करण्याचं काम परमेश्वरीलाल गुप्त यांनी केलं. नाण्यांचे मोठे अभ्यासक. मुंबईच्या त्याच संग्रहालयात त्यांनी काम केलं होतं आणि पुढे नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांनी संपादित केलेलं ‘चांदायन’ १९६४मध्ये मुंबईतून, हिंदी ग्रंथ रत्नाकर या प्रकाशनानं छापलं. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे एकच शब्द दोन-तीन प्रकारे वाचता येतो. एका प्रतीत अडलं तर दुसरी पाहावी लागते. म्हणून एकेका पानाला किंमत आहे. बनारसच्या त्या मोजक्या पानांतलं एखादं पान कसरीनं खाल्लं असतं, तर काव्यातला एखादा शब्द कायमचा संशयात राहिला असता.

मग पान सांभाळतात म्हणजे नेमकं काय करतात? ऐकताना रुक्ष वाटेल, पण सगळं यातच आहे.

पहिलं काम नोंदीचं. वस्तू आली की नोंदवहीत तिला क्रमांक मिळतो. काय आहे, कुणी दिली, कधी, कितीला घेतली, लांबी-रुंदी किती, आली तेव्हा कुठं फाटलेली होती, सगळं लिहायचं. हा क्रमांक म्हणजे वस्तूचा जन्मदाखला. नोंद नसेल तर चोरी झाली तरी कळत नाही आणि कळली तरी सिद्ध होत नाही. दान देणाऱ्याचं नावही याच वहीत राहतं. वस्तूच्या सौंदर्याबद्दल दहा जण बोलतात, नोंद मात्र एका कारकुनाला किंवा सहायकाला बसून करावी लागते. त्याचं नाव कुठल्याच दालनावर नसतं.

दुसरं काम हवेचं आणि उजेडाचं. जुनी चित्रं ज्या कागदावर काढत, तो कागदाचे अनेक थर एकावर एक चिकटवून केलेला असे. त्याला वसली म्हणतात. वर खनिज रंग. हवा दमट झाली की कागद फुगतो, कोरडी झाली की आकसतो. रंग मात्र कागदाबरोबर फुगत-आकसत नाही, तो तडकतो आणि पापुद्रे सुटतात. बनारसला मे महिन्यात लू वाहते आणि जुलैत भिंतींना ओल येते. म्हणून सोसणारी आर्द्रता साधारण पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि शक्य तितकी स्थिर ठेवायची धडपड असते. तांब्यापासून केलेला हिरवा रंग, जंगाल, हा तर घरातलाच शत्रू. काही वर्षांनी तो आपल्याखालचा कागदच जाळून काढतो. हिरवं शेत होतं तिथं भोक पडतं.

उजेडाचं तसंच. कागदावरच्या चित्रावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये असा संग्रहालयांचा दंडक आहे. लक्स हे उजेड मोजण्याचं माप, आणि पन्नास लक्स म्हणजे बऱ्यापैकी मंद उजेड. दालन अंधारं आहे अशी आपण तक्रार करतो, पण तो अंधार चित्राचं आयुष्य असतो. उजेडानं झालेली हानी साठत जाते आणि कधी भरून येत नाही. म्हणून चित्र काही महिने लावायचं, मग पेटीत विश्रांतीला पाठवायचं आणि त्या जागी दुसरं लावायचं. आपण गेलो त्या दिवशी नेमकं हवं ते चित्र नसेल तर रागावू नये.

तिसरं काम हाताचं. फाटलेलं पान जोडायचं तर गव्हाच्या खळीनं आणि बारीक, लांब धाग्यांच्या जपानी कागदानं. नियम एकच. आज आपण जे करू, ते पुढच्या माणसाला उलगडता आलं पाहिजे. चिकटपट्टी लावली किंवा प्लॅस्टिकमध्ये गच्च बंद केलं तर परतीची वाट संपते. आपल्या शहाणपणावर फार विश्वास ठेवायचा नाही, ही या कामातली सर्वांत मोठी शिकवण. आपले पूर्वजही हे जाणत होते. पोथी उतरवून झाली की लेखक शेवटी विनवणी करत, हिला पाण्यापासून जपा, सैल बांधू नका, अडाण्याच्या हाती देऊ नका. पोथी लाल कापडात घट्ट बांधत, बासनात वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवत.

विद्यापीठातल्या संग्रहापुढे एक पेच मात्र जास्तीचा असतो. तो शिकवण्यासाठी आहे. विद्यार्थ्यानं छापील चित्रावरून शिकायचं असेल तर विद्यापीठात संग्रह कशाला? त्याला अस्सल पान जवळून पाहायला मिळालं पाहिजे. पण प्रत्येक वेळी पान बाहेर काढलं की त्याचं आयुष्य थोडं कमी होतं. म्हणजे जपायचं म्हणून कुलूप लावलं तर संग्रह मुका होतो आणि शिकवायचं म्हणून उघडा ठेवला तर झिजतो. या दोन्हींच्या मध्ये रोज निर्णय घेणारा जाणकार माणूस लागतो. इमारत एकदा बांधून होते. हा माणूस दर पिढीला नव्यानं तयार करावा लागतो. वासुदेवशरण अग्रवाल यांच्यासारखा विद्वान बनारस हिंदू विद्यापीठात शिकवत होता, राय कृष्णदासांचे चिरंजीव आनंद कृष्ण यांनी कलेतिहासाचं काम पुढे नेलं, कला भवनाच्या सुवर्णमहोत्सवी ‘छवि’ ग्रंथात देशोदेशीच्या अभ्यासकांनी लिहिलं. त्यामुळे संग्रह बोलता राहिला. जिथं जाणत्याची जागा रिकामी राहते, तिथं आधी नोंदवही थांबते, मग पेट्या उघडणं थांबतं, मग वाळवीचं राज्य सुरू होतं. आमच्या पेटीचं तेच झालं.

१९८०मध्ये राय कृष्णदास गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं होतं. मला त्यांच्या गोळा करण्याचं कौतुक आहेच, पण त्याहून जास्त त्यांच्या सोडण्याचं आहे. स्वतःच्या डोळ्यांनी निवडलेली, गल्लोगल्ली हिंडून मिळवलेली वस्तू स्वतःची न ठेवता सगळ्यांची करायची. संग्राहकाला याहून अवघड काही नसतं. ज्याच्याजवळ वेड आहे त्यालाच गोळा करता येतं, पण त्याच वेड्याला एक दिवस ‘हे माझं नाही’ असंही म्हणता आलं पाहिजे. तसं म्हटल्यावरच नोंदवहीचं काम सुरू होतं.

दादांच्या वहीची अकरा पानं मी आता सुटी करून, प्रत्येकामध्ये स्वच्छ पांढरा कागद घालून, पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवली आहेत. दर पानाचे फोटो काढले. एका वेगळ्या कागदावर पेन्सिलनं लिहिलं, लिहिणाऱ्याचं नाव, गाव, रिवायती कोण म्हणत असे, पेटीत किती वर्षं होती. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना बसवून त्यांना पाठ असलेल्या रिवायती उतरवून घेतल्या. वहीतल्या तीन जागा त्यांच्यामुळे वाचता आल्या. दोघेही धनगर. उर्दूचं एक अक्षर त्यांना येत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी पेटी असेल. ओव्यांची वही, कीर्तनाची टिपणं, पत्रं, जुने फोटो, मोडीतले कागद, आजीनं भरलेलं कापड. येत्या पावसाळ्याआधी ती उघडा. कडक उन्हात वाळवू नका, सावलीत वारा लागू द्या. गंजलेल्या टाचण्या हलक्या हातानं काढा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. जमिनीला आणि ओलीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि हे कुणाचं, कुठलं, केव्हाचं, एवढं तरी आज लिहून ठेवा, कारण ते सांगणारं माणूस आज घरात आहे. मग वर्षातून दोनदा पेटी उघडत जा.

माझ्या दादांच्या वहीत किती रिवायती होत्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. अकरा पानांची नोंद मात्र आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)